स्नायूंच्या मूलपेशी ‘जागवणारी’ पावडर : एका मुद्रितशोधकाचा अभिप्राय

पाचपैकी दोन तारे. एक डब्यातल्या क्रिएटिनसाठी (स्नायूच्या राखीव ऊर्जेला लागणारा पदार्थ, पुढे येईल) आणि एक झाकणासाठी. झाकण खरोखरच घट्ट बसतं, तीन महिन्यांत पावडरीची एक गुठळी झाली नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो.

वय ५८. धंदा मुद्रितशोधनाचा, म्हणजे दिवसभर एका जागी बसून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे. चार-पाच महिन्यांपूर्वी जिना उतरताना, पायऱ्या संपल्या असं समजून मी पाऊल टाकलं. एक पायरी शिल्लक होती. डावा घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पाय माझा आहे यावर विश्वास बसेना. पोटरीला टेप लावली : उजवी ३६ सेंटिमीटर, डावी ३३. तीन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. हात फिरवला की कळतं. उजवीकडे घट्ट मांस आणि डावीकडे उशी काढून घेतलेला अभ्रा.

सुरुवातीचे काही दिवस नुसतं घोटा फिरवणं, रबरी पट्टा ताणणं असं चाललं. मग एके दिवशी फिजिओ मॅडमनी मला भिंतीला हात टेकवून उभं केलं. “काका, आता फक्त डाव्या पायावर उभं राहून टाच उचला.” मेंदूनं हुकूम सोडला. टाचेनं तो वाचलाच नाही. मी घामाघूम आणि टाच जमिनीला चिकटलेली. वहीत त्या दिवसाच्या तारखेपुढे शून्य लिहिलं आहे.

त्याच संध्याकाळी भाचा हा डबा घेऊन आला. तो रोज जिमला जातो, त्याच्या खोलीत असल्या डब्यांची उतरंडच असते. म्हणाला, “मामा, घेऊन तर बघ. हे साधं प्रोटीन नाहीये. हे थेट पेशीवर काम करतं.” कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण भाच्याच्या खोलीतल्या निम्म्या डब्यांवर थोड्याफार फरकानं हाच मजकूर आहे, आणि एकट्यादुकट्याला धरून मारण्यात अर्थ नाही.

डबा उघडण्याआधी मी लेबल वाचलं. सवय आहे, जात नाही. मोठ्या अक्षरांत तीन दावे होते. पहिला : ‘पेशीतील ऊर्जा वाढवून स्नायुंच्या सुप्त मूलपेशी जागवते.’ दुसरा : ‘लॅक्टिक आम्ल धुऊन काढते, थकवा मुळापासून घालवते.’ तिसरा : ‘विज्ञानाने सिद्ध.’ ‘स्नायुंच्या’मधला यु ऱ्हस्व होता. तो दीर्घ हवा. लाल पेन हातात घेतलं आणि तिथून हे सगळं प्रकरण सुरू झालं. दावे तपासायचे म्हणून वाचायला बसलो तो पुढचे तीन महिने वाचतच राहिलो. मोडलेला पाय असला की वेळ भरपूर असतो.

पहिल्या दाव्यात तथ्य किती? गंमत म्हणजे, बरंच आहे. स्नायूला खरोखरच स्वतःच्या मूलपेशी असतात. अलेक्झांडर माउरो नावाच्या शास्त्रज्ञानं १९६१ साली बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्या टिपल्या. स्नायुतंतूचं स्वतःचं पटल आणि त्यावरचं बाहेरचं आवरण यांच्या बेचक्यात एकेक पेशी चिकटून बसलेली. तंतूच्या कडेला राहते म्हणून नाव दिलं उपग्रह पेशी. स्नायुतंतू ही विलक्षण चीज आहे : एका लांबलचक पेशीत शेकडो केंद्रकं, पण त्यातलं एकही स्वतः विभागून दुसरं तयार करू शकत नाही. तंतू फाटला, झिजला की नवी केंद्रकं येतात ती या कडेच्या पेशींकडून. एरवी त्या झोपलेल्या असतात. महिनोन् महिने, कदाचित वर्षानुवर्षं.

आणि इथे चयापचय येतो. झोपलेली उपग्रह पेशी अगदी काटकसरीनं जगते. तंतुकणिका, म्हणजे पेशीतली वीजघरं, मोजक्या, आकार लहान, खर्च कमी, आणि जी काही ऊर्जा लागते ती बरीचशी मेदाम्लं जाळून. दुखापत झाली, जाग आली की तिचा सगळा हिशेबच बदलतो. ती ग्लुकोज भराभर फोडायला लागते, कारण आता नुसती ऊर्जा पुरत नाही. एकाच्या दोन पेशी व्हायच्या तर नवी पटलं, नवी प्रथिनं, नवा डीएनए घडवायला कच्चा माल लागतो, आणि तो ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवर मिळतो. मला इथे छापखाना आठवला. रात्री पहारेकऱ्यापुरता एक दिवा पुरतो. सकाळी यंत्र सुरू करायचं तर नुसती वीज असून भागत नाही, कागद आणि शाईही दारात यावी लागते.

यापुढचा भाग वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. हा बदल नुसता इंधनाचा नाही. २०१५ साली जेम्स रायल, व्हिटोरिओ सार्टोरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की झोपेतल्या पेशीत एनएडी नावाच्या रेणूचं सक्रिय रूप मुबलक असतं. त्याच्या जोरावर सर्ट-वन नावाचं विकर काम करतं, आणि ते विकर डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच्या काही रासायनिक खुणा पुसत राहतं. खुणा पुसलेल्या म्हणजे स्नायू घडवणारी जनुकं गप्प. पेशी जागी होऊन ग्लुकोजकडे वळली की हे एनएडी उतरतं, पुसणारा मंदावतो, खुणा जमतात आणि जनुकं बोलायला लागतात. म्हणजे पेशी काय खाते यावर तिनं कोणतं पान वाचायचं हे ठरतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून सुंदर गोष्ट ऐकवू नका.

आता डब्याकडे. या पावडरीत एनएडी वाढवणारं एक जीवनसत्त्वाचं रूप आहे, निकोटिनामाइड रायबोसाइड. लेबल म्हणतं, एनएडी वाढलं की मूलपेशी जागतात. वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. जागं होताना ते उतरतं! मग कंपनी सरळ खोटं बोलते का? नाही, आणि इथेच खरी मेख आहे. २०१६ साली योहान ओवर्क्स यांच्या स्वित्झर्लंडमधल्या गटानं म्हाताऱ्या उंदरांना हाच पदार्थ दिला, तेव्हा त्यांच्या स्नायूंच्या मूलपेशींतल्या तंतुकणिका सुधारल्या आणि स्नायूंची दुरुस्तीही सुधारली. तिथे प्रश्न जागं करण्याचा नव्हता, म्हातारपणानं खंगलेल्या पेशीत पुन्हा धुगधुगी आणण्याचा होता. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी ठीक आहेत. एका ओळीच्या जाहिरातीत दोन्ही मावत नाहीत, एवढंच. जास्त पेट्रोल ओतलं की गाडी जास्त पळते असा हा मामला नाही.

प्रूफ तपासताना वाक्यात शब्द राहून गेला असेल तर आम्ही तिथे काकपद घालतो आणि समासात तो शब्द लिहितो. मी या लेबलावर लाल पेनानं काकपदं घालत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी समासात एकच शब्द लिहीत गेलो : ‘उंदरांमध्ये’. ‘उंदरांमध्ये मूलपेशी जागवते.’ ‘उंदरांमध्ये विज्ञानाने सिद्ध.’ एकूण पाच ठिकाणी बसला.

माणसांत काय झालं? २०१९ साली छापलेल्या एका प्रयोगात १२ वयस्क पुरुषांना हा पदार्थ दिवसाला १ ग्रॅम असा २१ दिवस दिला. स्नायूत तो पोचल्याच्या रासायनिक खुणा मिळाल्या. पण तंतुकणिकांचं काम होतं तसंच राहिलं आणि हाताच्या पकडीची ताकदही वाढली नाही. बारा माणसं आणि तीन आठवडे, एवढ्यावर कायमचा निकाल देता येत नाही हे मलाही कळतं. पण ‘सिद्ध’ हा शब्द कापायला तेवढं पुरतं.

लेबलावर नसलेली आणि असायला हवी होती अशी एक गोष्ट मात्र या वाचनात सापडली. २०१४ साली थॉमस रँडो यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या एका पायाला इजा केली आणि दुसऱ्या, धडधाकट पायातल्या मूलपेशी तपासल्या. त्या विभागत नव्हत्या, पण गाढ झोपेतही नव्हत्या. आकार थोडा वाढलेला, तंतुकणिका जास्त कामाला लागलेल्या, पुढचा धक्का बसलाच तर चटकन उठतील अशा. रात्री शेजारच्या घरात गडबड झाली की आपण उठत नाही, पण डोळे उघडे ठेवून पडून राहतो, तसं. हे वाचल्यावर मी माझ्या उजव्या पोटरीकडे जरा आदरानं पाहिलं. (हेही उंदरांमध्ये. काकपद माझं मीच घालतो.)

दुसरा दावा लॅक्टिक आम्लाचा. यावर फार वेळ घालवणार नाही, कारण हा दावा निव्वळ शिळा आहे. स्नायू थकला की त्यात लॅक्टिक आम्ल साठतं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडकाच्या स्नायूंवरच्या प्रयोगांतून दिसलं. ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूंतल्या ऊर्जेच्या हिशेबावर १९२२ सालचं नोबेल मिळालं, आणि लोकांनी ‘थकवा म्हणजे लॅक्टिक आम्ल’ असं समीकरण पाठ करून टाकलं. शंभर वर्षांनीही तेच पाठ आहे. प्रत्यक्षात लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्ल शरीरात ज्या रूपात असतं ते, इंधन आहे. एका स्नायूनं बाहेर टाकलेलं लॅक्टेट दुसरा स्नायू जाळतो, हृदय तर आवडीनं जाळतं. व्यायाम थांबवल्यावर साधारण तासाभरात रक्तातली पातळी पूर्वपदावर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं’ होतं, त्याचा त्याच्याशी संबंध नाही. ते दुखणं ताणाखाली आखडणाऱ्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि तिथे चाललेल्या दुरुस्तीचं. तेव्हा ‘धुऊन काढते’ यातलं धुवायचं काय, हेच मुळात शिल्लक नसतं.

मग स्नायू थकतो कशानं? भिंतीला हात टेकवून टाचा उचलताना हा प्रश्न मला रोज पडायचा, कारण आठव्या-नवव्या वेळेला पोटरी थरथरायला लागे आणि बाराव्याला सरळ संप पुकारी. स्नायूत तयार एटीपी, म्हणजे पेशीची रोख ऊर्जा, फक्त दोन-चार सेकंदांपुरतं असतं. ते संपू नये म्हणून शेजारी क्रिएटिन फॉस्फेटची गंगाजळी असते, ती जोराच्या कामाला दहाएक सेकंद पुरते. गंगाजळी मोडताना सुटा फॉस्फेट मागे राहतो. तो साठला की आकुंचन करणाऱ्या प्रथिनांची पकड ढिली पडते, आणि तंतूच्या आत कॅल्शियमची जी कोठारं असतात त्यातून कॅल्शियम पूर्वीसारखं सुटत नाही. कॅल्शियम हा आकुंचनाचा इशारा. इशाराच अर्धवट आला तर तंतू जोर लावणार कसा? हा झाला मिनिटा-दोन मिनिटांचा थकवा. तासन् तास चालण्याचा थकवा वेगळा, तिथे ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत ठेवलेल्या साखरेचा, साठा आटतो. आणि काही थकवा स्नायूत नसतोच, तो वर डोक्यात असतो. इटलीतल्या अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बोटानं वजन ओढण्याचं एक यंत्र बनवलं होतं. त्यावर त्यांना दिसलं की दिवसभर तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोटसुद्धा लवकर दमतं. प्रूफं वाचून उठल्यावर माझ्या टाचा दोन-तीननं कमी भरायच्या. मोसो महाशयांना माझा साष्टांग नमस्कार.

प्लास्टरमधून निघालेल्या पायाचं आणखी एक दुखणं असतं. सहा आठवडे न वापरलेल्या स्नायूत नुसतं मांस कमी होत नाही, उरलेल्या मांसातल्या तंतुकणिकाही घटतात. वीजघर लहान झालेलं असतं. त्यामुळे तेवढ्याच कामाला राखीव साठा लवकर मोडावा लागतो आणि फॉस्फेट लवकर साठतो. पोटरी दिसायला भरली तरी दमणं लगेच कमी होत नाही, ते याच कारणानं. हे मला कोणीतरी पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं, माझी निम्मी चिडचिड वाचली असती.

आता प्रत्यक्ष अनुभव. चव : गोडगोड, रासायनिक, मागे कडवट. विरघळणं : बरं. पहिल्या दिवशी एक चमचा घेतला आणि वीस मिनिटांत कानांच्या पाळ्या, ओठ आणि हातांची पाठ चुरचुरायला लागली, मुंग्या नुसत्या. मी घाबरून भाच्याला फोन केला. तो आनंदानं म्हणाला, “बघ! लागली ना लगेच!” हे चुरचुरणं या पावडरीचं सगळ्यात मोठं विक्रीकौशल्य आहे, म्हणून नीट सांगतो. ते डब्यातल्या बीटा-अ‍ॅलानिन नावाच्या अमिनो आम्लाचं काम. हा पदार्थ एका वेळी पाऊण-एक ग्रॅमच्या वर गेला की त्वचेतल्या काही मज्जातंतूंना चाळवतो. स्नायूशी, मूलपेशीशी, तंतुकणिकांशी या मुंग्यांचा काडीचाही संबंध नाही. बीटा-अ‍ॅलानिनचा खरा उपयोग म्हणजे स्नायूतलं कार्नोसिन नावाचं रसायन वाढवून आम्लता झेलणं. त्यासाठी दिवसाला तीन-साडेतीन ग्रॅमच्या वर असं चार आठवडे तरी घ्यावं लागतं, आणि फायदा दिसला तर तो एक ते चार मिनिटांच्या जीव तोडून केलेल्या व्यायामात. ५८ वर्षांच्या माणसाला भिंतीला टेकून टाचा उचलायला त्याचा काय उपयोग? पण मुंग्या आल्या की माणसाला वाटतं औषध लागलं. मलाही दोन दिवस वाटलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी मी वजनकाटा काढला. लेबलावर चमचा १२ ग्रॅमचा. डब्यातला चमचा काठोकाठ भरून, बोटानं सपाट करून दहा वेळा मोजला. एकदाही १० ग्रॅमच्या वर गेला नाही. हे एक. दुसरं त्याहून गंभीर. लेबलावर घटकांची वेगवेगळी मात्राच नाही. ‘पेशी-ऊर्जा मिश्रण : ५ ग्रॅम’ असं एकत्र लिहून खाली सात नावं. नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची पद्धत असते, आणि पहिलं नाव बीटा-अ‍ॅलानिन, दुसरं क्रिएटिन. आता गणित करा. पाच ग्रॅमच्या मिश्रणात दुसऱ्या क्रमांकाचा पदार्थ जास्तीत जास्त अडीच ग्रॅम असू शकतो, तोही उरलेले पाच घटक शून्य धरले तर. बीटा-अ‍ॅलानिन कामापुरतं, म्हणजे सव्वातीन ग्रॅम घातलं असेल, तर क्रिएटिनला पावणेदोन ग्रॅमही उरत नाही. आणि क्रिएटिनची रोजची कामाची मात्रा तीन ते पाच ग्रॅम. म्हणजे दोघांपैकी एक तरी कमी आहे हे नक्की. सातव्या क्रमांकावरच्या निकोटिनामाइड रायबोसाइडच्या वाट्याला काय आलं असेल, ते डब्याच्या तळाशीच विचारा.

तळटीपेत आणखी एक विनोद आहे. ‘सोबत क आणि ई जीवनसत्त्वांचे भरपूर संरक्षण.’ व्यायाम करताना स्नायूत जे ऑक्सिजनचे खोडकर रेणू तयार होतात ते थोड्या प्रमाणात इशाऱ्याचं काम करतात. आणखी तंतुकणिका बांधा, असा तो इशारा. २००९ साली मिखाएल रिस्टो यांच्या गटानं व्यायाम करणाऱ्या तरुणांना ही दोन जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत देऊन पाहिली, तर व्यायामानं इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद जसा सुधारतो तसा तो सुधारलाच नाही. एकाच चमच्यात तंतुकणिका वाढवायचं वचन आणि तो निरोप पुसण्याची सोय, दोन्ही. लेखकानं पहिल्या पानावर मारलेलं पात्र चौथ्या पानावर लग्नाला हजर असावं, तसं हे. असल्या चुका मी रोज काढतो, पण त्या लेखकाला निदान फोन तरी करता येतो.

आता वही. पहिल्या तीन आठवड्यांत पावडर आणि व्यायाम दोन्ही नियमित. एका पायावरच्या टाचा : शून्य, एक, चार. चौथ्या आठवड्यात मला ताप आला. व्यायाम आठ दिवस बंद. पावडर मात्र मी चालू ठेवली, मुद्दाम. ‘पेशीवर थेट काम करते’ ना, मग करू दे. नवव्या दिवशी पुन्हा भिंतीपाशी उभा राहिलो. चारच्या दोन झाल्या होत्या. ताप आलेल्या माणसाचं मोजमाप पुराव्यात धरू नये, हे मीच म्हणेन. तापानंही ताकद जाते. पण मुंग्या रोज अगदी वेळेवर येत होत्या आणि पोटरी घटत होती, ही दोन्ही टिपणं एकाच पानावर पाहिल्यावर माझा डब्यावरचा जीव उडाला.

फिजिओ मॅडमना लाल केलेलं लेबल दाखवलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या, “काका, यातलं क्रिएटिन तेवढं कामाचं आहे. साधं, सुटं मिळतं. आधी डॉक्टरांना विचारा आणि ते घ्या. आणि टाचा दिवसातून एकदा नाही, तीनदा. खाली येताना सावकाश, तीन आकडे मोजत.” खाली येताना सावकाश, यातच खरी गोम होती. स्नायू लांबत असताना जोर धरून ठेवला की तंतूंवर ताण जास्त पडतो, आणि कडेला झोपलेल्या पेशींच्या दारावर हीच थाप पडते.

पाचव्या आठवड्यापासून डबा बंद. रोज ३ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट. या बाबतीत मात्र माणसांवरचे पुरावे आहेत आणि ते माझ्या प्रकरणाला चपखल बसतात. २००१ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी निरोगी तरुणांच्या पायाला दोन आठवडे प्लास्टर घातलं, मग दहा आठवडे व्यायाम करून घेतला. क्रिएटिन घेणाऱ्यांच्या मांडीचा स्नायू लवकर भरला. २००६ साली डेन्मार्कमधून १६ आठवड्यांचा एक प्रयोग छापून आला. वजनं उचलणाऱ्या तरुणांत क्रिएटिन घेणाऱ्यांच्या उपग्रह पेशींची संख्या आणि तंतूंतली केंद्रकं इतरांपेक्षा जास्त वाढली. म्हणजे डब्यावरचा जो दावा आहे, त्याच्या जवळात जवळ जाणारा घटक डब्यातच होता, फक्त दुसऱ्या क्रमांकावर, अपुऱ्या मात्रेत आणि मागच्या बाजूला बारीक टायपात. पुढच्या बाजूला जागा उंदरांच्या घटकाला. दोन्ही प्रयोगांतली माणसं तरुण होती आणि दोन्हींत व्यायाम होताच, हेही लिहून ठेवतो, नाहीतर माझ्यात आणि लेबल लिहिणाऱ्यात फरक काय राहिला?

एक इशारा अनुभवाचा. आठव्या आठवड्यात नेहमीची रक्ततपासणी केली तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम जोखायचा आकडा, थोडं वर. रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला पाहून माझ्या पोटात गोळा. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “क्रिएटिन सुरू केलंय ना?” क्रिएटिन शरीरात आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलत राहतं, त्यामुळे मूत्रपिंडं ठणठणीत असली तरी आकडा किंचित चढू शकतो. त्यांनी खात्रीसाठी दुसरी एक तपासणी केली, ती ठीक आली. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊच नये, आणि बाकीच्यांनी रक्त द्यायच्या आधी सांगावं. दोन ‘न’मधल्या एका वेलांटीनं माझी एक रात्र गेली. याशिवाय वजन दीड किलोनं वाढलं. ते बहुतेक पाणी, क्रिएटिन स्नायूत पाणी ओढतं. पोटरीवर टेप लावून आनंदी होण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावं. मी पहिल्या अर्ध्या सेंटिमीटरला पेढे वाटण्याच्या बेतात होतो.

बाराव्या आठवड्याअखेर : डावी पोटरी साडेपस्तीस सेंटिमीटर. डाव्या पायावर सतरा टाचा, उजव्या पायावर चोवीस. यातलं किती क्रिएटिनचं, किती सावकाश खाली येण्याचं आणि किती नुसत्या दिवसांचं, ते एका माणसाच्या एका पायावरून कुणालाही सांगता येणार नाही. प्लास्टर निघालेला पाय कशानेही काही प्रमाणात भरतोच. असल्या डब्यांचे पंचतारांकित अभिप्राय बरेचसे याच कारणानं लिहिले जात असावेत.

राहिली ग्राहकसेवा. लाल खुणा केलेल्या लेबलाचा फोटो मी कंपनीला पाठवला. सोबत चार ओळी : मात्रा वेगवेगळ्या द्या, चमचा बदला, लॅक्टिक आम्लाचं वाक्य काढा, पाच ठिकाणी ‘उंदरांमध्ये’ घाला, आणि ‘स्नायूंच्या’मधला यू दीर्घ करा. दोन दिवसांत उत्तर आलं : ‘आपला बहुमूल्य अभिप्राय आमच्यापर्यंत पोहोचला.’ खाली पुढच्या खरेदीवर सवलतीचा कोड.

गेल्या आठवड्यात फिजिओ मॅडमकडे एक गृहस्थ हाच डबा घेऊन आले होते, नवीन छपाईचा. मी मागून घेतला आणि चष्मा लावला. मिश्रण तेच ५ ग्रॅम, लॅक्टिक आम्ल अजून धुतलं जातंय, ‘विज्ञानाने सिद्ध’ आता सोनेरी रंगात. ‘स्नायूंच्या’मधला यू मात्र दीर्घ झालाय.